पुरळ माझं, निदान गावाचं

पोटाचं दुखणं पोटात राहतं. रक्तदाब, साखर, मूळव्याध ही तर वर्षानुवर्षं बायकोलाही पत्ता लागू न देता अंगावर काढता येतात. पुरळाचं तसं नाही. ते उठतं आपल्या मानेवर, आणि उठल्याच्या पहिल्या तासातच गावाच्या मालकीचं होतं. आमच्या रिठदला तर फारच लवकर. रिसोड तालुक्यातलं हे गाव. सोयाबीन, तूर, हरभरा आणि सल्ला ही इथली मुख्य पिकं. पैकी पहिल्या तिघांना पाऊस लागतो.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत माझ्या मानेवर, कोपरांच्या लवणीत आणि डोळ्यांच्या पापण्यांवर लालसर, खरबरीत पुरळ उठलं. खाज अशी, की बोलता बोलता हात आपोआप कॉलरखाली जायचा. हात कॉलरखाली गेला, की समोरचा माणूस आपलं बोलणं अर्धवट टाकून मान वाकडी करून बघायचा आणि विचारायचा, "काय खाल्लं व्हतं?"

त्वचा हा शरीराचा सगळ्यात बाहेरचा अवयव. पण तिच्यावरचा प्रत्येक गुन्हा आपल्याकडे पोटाच्या ठाण्यात नोंदवतात, आणि सगळ्यात आधी अटक होते ती वांग्याला. खरूज असो, इसब असो, नाहीतर नुसता डास चावलेला असो, वांगं बंद! इतर ठिकाणी हे पथ्य असेल, वऱ्हाडात ही सजा आहे. काढणी आटोपली, की मळ्यात गोवऱ्यांवर रोडगे भाजले जातात आणि मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटते. अशा पंगतीत वांग्याला नाही म्हणणारा माणूस लपून राहत नाही. वाढणारा तुमच्यापुढे थबकतो, भाजीचं ओगराळं हवेतच धरतो आणि शेवटच्या पत्रावळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "काहून भाऊ, खाज सुटली काय?" मग पंगतीच्या दोन्ही बाजूंनी निदानं सुरू होतात आणि भाजी पुढच्या पानावर जाते. वांग्याची अ‍ॅलर्जी काही लोकांना खरोखर असते, हे मान्य. पण अशी अ‍ॅलर्जी खाल्ल्यावर तास-दोन तासांत बोलून मोकळी होते. आठवडाभर माणसाच्या मानगुटीवर बसून राहण्याइतकं वांगं चिवट नाही.

आमच्या आत्याचा वांग्यावर राग नव्हता. तिचं निदान ठरलेलं होतं: "अंगात गर्मी झाली." गर्मीच्या सिद्धांताचं सौंदर्य असं, की कुठल्याही प्रयोगशाळेला तो खोटा पाडता येत नाही. तोंड आलं, गर्मी. डोळे आले, गर्मी. पोरगा नापास झाला तरी डोक्यात गर्मी. उपचार म्हणून सब्जा, धन्या-जिऱ्याचं पाणी, गुलकंद आणि रोज सकाळी अनशापोटी कडुनिंबाचा रस. या रसानं रक्त शुद्ध होतं म्हणतात. माझं झालं की नाही, हे कळायला मार्ग नाही. तोंड मात्र दुपारच्या जेवणापर्यंत नासलेलं असायचं.

शेजारच्या काकूंना हे सरळ सरळ पित्त वाटलं. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, की आमसुलाचं पाणी चोळायचं आणि घोंगडी पांघरून बसायचं. ऑक्टोबरच्या उन्हात घोंगडी पांघरून बसलेला माणूस खाज विसरतो हे खरं, कारण त्याला त्याहून मोठी चिंता लागते. घोंगडीच्या यशाचं गुपित वेगळंच आहे. पित्ताची एक गांधी एका जागी सहसा चोवीस तासांपेक्षा जास्त टिकत नाही. इथली विरते, तिथं दुसरी उठते. म्हणजे घोंगडी पांघरा, सतरंजी पांघरा, नाहीतर ग्रामपंचायतीचा ठराव पांघरा, उद्या ती गांधी तिथं नसणारच. डॉक्टर लोक यासाठी एक सोपी युक्ती करतात. पुरळाभोवती पेननं गोल काढायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. गोल रिकामा दिसला तर पित्त. मी काढले गोल. दुसऱ्या दिवशी सगळं पुरळ आपापल्या गोलात हजर, आणि गल्लीतली पोरं विचारत होती, "काका, मानीवर कायचा नकाशा हाय?"

पित्त सहा आठवड्यांच्या पुढं रेंगाळलं, तर बहुतेकांच्या बाबतीत त्याचं बाहेरचं कारण सापडत नाही, हे डॉक्टर मोकळेपणानं सांगतात आणि खाजेची गोळी लिहून देतात. इथंच डॉक्टर मार खातो. रिठदला "माहीत नाही" म्हणणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. रस्ता विचारा नाहीतर रोग विचारा, उत्तर मिळणार म्हणजे मिळणार.

खरं उत्तरही मिळालं होतं. बकऱ्या चारणाऱ्या एका पोरानं माझ्या मानेकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "काका, काँग्रेस लागलं तुमाले. बकरी बी तोंड नाही लावत त्याले." तो बोलला ते पारावर, आणि हीच चूक झाली. गाजर गवताला आमच्याकडं काँग्रेस म्हणतात. फुलं पांढऱ्या टोपीसारखी म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. अंगावर उठल्या त्या गांधी आणि संशयित काँग्रेस, एवढं भांडवल हाती आल्यावर पार त्वचेवर कशाला थांबतो? पाच मिनिटांत चर्चा नेहरूंपर्यंत गेली, तिथून सोयाबीनच्या भावावर उतरली आणि माझी मान तशीच खाजत राहिली.

नेहरूंपर्यंत जाण्याला थोडं कारण होतं म्हणा. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडं १९५५ साली ते पुण्यात नजरेला आलं. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली आलेल्या गव्हातून त्याचं बी आलं, ही कथा प्रत्येक पारावर ऐकायला मिळते. कथेची एकच अडचण आहे. त्या कायद्याखालचा भारताचा पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमधला, म्हणजे गव्हाच्या आधी गवत येऊन बसलेलं. अमेरिकेचा गहू त्याआधीही आला होता, तेव्हा त्यातून आलंही असेल. पण पारावर तारखा काढून दाखवणारा माणूस फार दिवस पारावर बसत नाही.

आणि गव्हावरचा संशय दरवेळी फुकट जातो असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. धडधाकट माणसाचं टक्कल, बाईमाणसाचं टक्कल, पोरांचं टक्कल. कुणी म्हणालं शाम्पू, कुणी म्हणालं बुरशी. पाणी तपासलं तर त्यात नायट्रेट जास्त निघालं. दिल्लीहून आयसीएमआरचं पथक आलं. पुढं विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मांडलं, की तिथल्या लोकांनी खाल्लेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम फार आहे. त्या दिवसांत आमच्या घरातली प्रत्येक बाई कंगवा उजेडात धरून बघत होती. तेव्हा "काय खाल्लं व्हतं?" हा प्रश्न अगदीच अडाणी म्हणून उडवून लावता येत नाही. फक्त तो प्रत्येक मानेला विचारायचा नसतो.

बिब्ब्याचं प्रकरण मात्र आमच्याकडं घरोघरी माहीत आहे. बिब्बा हे अजब फळ. शनिवारी लिंबू-मिरचीबरोबर दाराला टांगलं की नजर लागू देत नाही, आणि चुकून अंगाला लागलं तर माणूस ओळखू येऊ देत नाही. पाय मुरगळला, लाव बिब्बा. टाचेत काटा मोडला, लाव बिब्बा. सुईच्या टोकावर बिब्बा दिव्यावर धरला, की त्याचं काळं, चिकट तेल पाझरतं. ज्याला सोसलं त्याला सोसलं. ज्याच्या अंगावर उतला त्याच्या अंगाला फोड येतात, कातडी सोलते आणि डाग राहतो तो वेगळाच. त्याच बिब्ब्याच्या आतली गोडंबी लाडवात घालून बाळंतिणीला खाऊ घालतात. ती फोडणाऱ्या बायांच्या बोटांकडं लाडू खाणारा कधी बघत नाही. काळी, चिरलेली बोटं, आणि हे तेल अंगावर उडू नये म्हणून फासलेली राख. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळं कैरीच्या चिकानं ओठ सोलणं हाही याच घराण्याचा संस्कार.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना कॉलरखाली, कमरेला अशाच जागी खाजरं पुरळ येऊ लागलं. ठिपक्याएवढ्या जागा, प्रत्येकाच्या कपड्यांच्या खुणेशी जुळणाऱ्या. लष्करी डॉक्टरांनी शोध घेतला तर निघाला परीट. तो कपड्यांवर बिब्ब्याच्या तेलानं खूण करत होता, आणि ती खूण धुतल्यावरही जात नाही, म्हणून तर करत होता. १९४३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख आला. बंदुका, रणगाडे, विमानं घेऊन आलेल्या फौजेला आपल्या एका परटानं खाजवायला लावलं, आणि त्याचा कुठं पुतळा नाही.

आमच्या परटानं मात्र मला स्पष्ट सांगितलं, "बिब्बा कोन लावते आता? टॅग लावतो."

मग शेतातले संशयित. मळणीयंत्रातून उडणारं सोयाबीनचं कुटार अंगाला चिकटलं, की रात्रभर टोचतं. हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरचं ते आंबट दव, पहाटे शेतातून चालणाऱ्याच्या पोटऱ्या चुरचुरवते. खाजकुयलीच्या शेंगांचा अनुभव शाळेत बाकावर बसलेल्या प्रत्येकाला आहे, आणि तो कुणी दिला होता हेही पक्कं माहीत आहे. २०२२ च्या सप्टेंबरात बीडकडं उसात दिसलेल्या घोणस अळीनं तर सगळा महाराष्ट्र पायाखाली बघून चालू लागला. तिच्या केसांनी आग होते. केस चिकटपट्टीनं ओढून काढायचे, बर्फ लावायचा, एवढाच उपाय. पण मोबाइलवर ती माणसं मारत फिरत होती. आणि पावसाळ्यात दिव्याभोवती एक नारिंगी-काळा, मुंगीएवढा किडा येतो. तो चावत नाही, डसत नाही. आपणच त्याला मानेवर चिरडतो, त्याच्या अंगातलं पेडरिन नावाचं विष पसरतं आणि दुसऱ्या दिवशी तिथं भाजल्यासारखा पट्टा उठतो. गावात म्हणतात, "कोळी मुतला." बिचाऱ्या कोळ्याचा यात काही संबंध नाही. किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा, चापट मारू नये. पण अंगावर बसलेल्या किड्याला फुंकर मारणारा वऱ्हाडी माणूस मला अजून भेटायचा आहे.

एवढ्या सल्ल्यांनंतर माणूस जातो कुठं? मेडिकलवर. डॉक्टरकडं नव्हे, औषधाच्या दुकानात. तिथं फी नाही, रांग नाही, कपडे काढायला लावत नाहीत. काउंटरवर मान पुढं करायची. मेडिकलवाला मोबाइलवर बोलता बोलता एक नजर टाकतो आणि मागं न बघता फळीवरची ट्यूब काढतो. मोठ्या सर्जनलाही असा हात साधत नाही. ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन औषधं लिहिलेली असतात: एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि एक जबर स्टेरॉइड, बहुतेकदा क्लोबेटासोल. काहीतरी लागू पडेलच, या हिशोबानं तिन्ही देवांना एकाच ताटात नैवेद्य.

लागूही पडतं. दोन दिवसांत लाली ओसरते, खाज थांबते, आणि तुम्ही ती ट्यूब भावाला देता, भाऊ मेहुण्याला देतो. पुरळ जर नायट्याचं असेल, तर खरी गंमत पुढं असते. स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. कातडीचा आरडाओरडा तेवढा बंद करतो. राखणदार झोपल्यावर बुरशी आरामात पसरते, गोल कड्यात कडं उमटतं, जांघेतली कातडी विड्याच्या पानासारखी पातळ होते, आणि चेहरामोहरा इतका बदलतो की नायटा आहे हे डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही अशा यादीत टाकलं. यादी दिल्लीत आहे, ट्यूब फळीवर आहे. आता तर नेहमीच्या गोळीलाही दाद न देणारी एक बुरशी पसरली आहे. जपानी संशोधकांनी २०२० साली तिचं नाव ठेवलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. योगानं, टिळ्यानं जे जमायला वेळ लागला, ते आपल्या नायट्यानं करून दाखवलं. देशाचं नाव थेट शास्त्रात.

नागीण असेल अशीही शंका एकानं काढली. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूत वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि पुढं कधीतरी अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यात उठतो. दोन्ही तोंडं मिळाली की माणूस संपला, ही भीती घराघरात आहे. तोंडं सहसा मिळत नाहीत, कारण तो मज्जातंतू मधल्या रेषेवरच थांबतो. आमच्या पंचक्रोशीत नागीण उतरवणारे आहेत. ते फोडांभोवती गेरूनं वेटोळं काढतात, मंत्र म्हणतात आणि तीन आठवड्यांची मुदत देतात. नागीण आपण होऊन दोन ते चार आठवड्यांत जाते. त्यामुळं मांत्रिकाचा निकाल दरवर्षी तालुक्यात पहिला. खरं औषध पहिल्या बहात्तर तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगाचं, आणि ते तास बहुधा गेरू शोधण्यात जातात. म्हाताऱ्या माणसाला पुढं महिनोन् महिने जी कळ राहते, तिची जबाबदारी मंत्रावर नसते.

खरुजेचा अनुभव आमच्या भाऊबंदांत झालेला. खाज रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यात, कमरेला, आणि एकाला सुटली की घरभर. कातडीत बोगदे करून राहणारा, डोळ्याला जेमतेम दिसणारा हा किडा. १६८७ साली इटलीत बोनोमो नावाच्या डॉक्टरनं तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याआधी गरीब बाया आपल्या पोरांच्या हातांतून तो सुईच्या टोकानं काढत होत्या, हे त्यानंच लिहून ठेवलं आहे. बायांना ठाऊक होतं, डॉक्टरला मागाहून कळलं. उपचार सोपा वाटतो: परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. यातलं "सगळ्यांनी" हेच कठीण. भावाच्या घरात त्या रात्री पोरं अंगणात चोपडून उभी होती. वहिनी एकेकाला वळवून बोटांच्या मधलं, नखांखालचं राहिलं का बघत होती, आणि थोरले काका खाटेवरून म्हणत होते, "मले कुठी खाजवते? माह्या अंगाले लावू नका." पंधरा दिवसांनी घरातली खरूज पुन्हा परत आली. काकांना खाज नव्हती. काकांकडं फक्त किड्यांचा मुक्काम होता.

चट्ट्यांच्या या गर्दीत एक चट्टा असा आहे, की त्याच्यावर कुणीच काही सुचवत नाही. फिकट किंवा लालसर डाग, खाजत नाही, दुखत नाही, टाचणी टोचली तरी कळत नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. पुरळाला वांग्यापासून नेहरूंपर्यंत सगळं लागू करणारा पार त्या डागापुढं गप्प होतो, आणि डागाचा धनी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागतो. आणि नेमकं याच दुखण्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या, की माणूस बरा. खाजणाऱ्यावर शंभर उपाय, न खाजणाऱ्यावर चकार शब्द नाही. मला हे काही केल्या समजत नाही. त्याचप्रमाणं नवी गोळी घेतल्यावर ताप आणि तोंडात फोड घेऊन आलेलं पुरळ, किंवा ओठ-जीभ सुजून श्वास अडकवणारं पित्त, यांना पारावर न्यायचं नसतं. तिथं गाडी काढायची.

माझी गाडी निघाली अकोल्याला. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, पण चमडीचं अवघड दुखणं अजून जुन्याच जिल्ह्याची वाट धरतं. डॉक्टरबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. कडुनिंबाचा रस, आमसूल, दोन ट्यूबा, एक बिनलेबलची बाटली, हळदीची पुडी. एकेक वस्तू बघत त्या म्हणाल्या, "हे सगळं बंद करा. मग उरेल तो आजार." मी त्यांना काय काय खाल्लं ते सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "पुरळ कुठं नाही ते सांगा."

हा प्रश्न मला गावात कुणीच विचारला नव्हता. पाठीवर नाही, पोटावर नाही, बनियनखाली कुठंच नाही. "पोटातून आलं असतं तर शर्ट बघून थांबलं नसतं," त्या म्हणाल्या. मग उन्हाचं असेल? त्यांनी माझी हनुवटी वर केली, कान पुढं ओढून मागं पाहिलं, पापण्या पाहिल्या. ऊन हनुवटीखाली शिरत नाही, कानामागं वळत नाही, मिटल्या पापणीच्या घडीत बसत नाही. वारा बसतो. वाऱ्याबरोबर येणारी, घामावर चिकटणारी, कोपराच्या लवणीत साचणारी वस्तू हवी. गाजर गवताच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. गवत वाळलं तरी त्याचा भुगा हवेतून उडतो आणि वर्षानुवर्षं सोसलेली कातडी एक दिवस बंड करते. साठ-सत्तरच्या दशकांत पुण्याच्या डॉक्टरांकडं असे चेहरे रांगेनं येऊ लागले, तेव्हा कुठं वैद्यकाला या गवताची ओळख पटली.

खात्रीसाठी त्यांनी पाठीवर चाचणी लावली. पांढऱ्या पट्ट्यांवर छोट्या गोल चकत्यांच्या ओळी, प्रत्येक चकतीत एकेका संशयिताचा अर्क. अठ्ठेचाळीस तास पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, पाठ खाजवायची नाही. सोयाबीन काढणीत घाम येऊ द्यायचा नाही! मी पंख्याखाली उघड्या पाठीनं पालथा पडून राहिलो आणि ती पाठ बघायला गल्ली लोटली. "पाठीवर सोलर बसवलं काय जी?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं सबसिडी किती, ते विचारलं. पट्ट्या काढल्या तेव्हा बाकी चकत्यांखालची कातडी साफ होती आणि एकाच गोलाखाली लाल, उठलेला, पुटकुळ्यांचा ठसा होता. बकऱ्या चारणाऱ्या पोराचा शब्द खरा ठरला.

मलम मिळालं, मोजून दिलेल्या दिवसांपुरतं, पापण्यांसाठी वेगळं आणि सौम्य. रात्रीची एक गोळी. फार जुनाट झालेल्या रोग्यांना अझाथायोप्रिनसारखी रक्त तपासत द्यायची औषधं लागतात, तिथवर माझी पाळी आली नाही. पूर्ण बाह्या, गळ्याला दुपट्टा, शेतातून आलं की आधी आंघोळ, धुतलेले कपडे बांधावरच्या झुडपांवर वाळत घालायचे नाहीत. चिठ्ठीवरची शेवटची ओळ होती: गाजर गवतापासून दूर राहावे. ते आमच्याकडं बांधावर आहे, गायरानात आहे, शाळेमागं आहे, स्मशानाच्या वाटेवर आहे. त्याच्यापासून दूर राहायचं तर रिठदपासूनच दूर राहायला हवं.

त्याला खाणारा एक भुंगा १९८४ साली मेक्सिकोहून बेंगळुरूला आणून सोडला. तो पावसाळ्यात पानं खातो आणि कोरडे दिवस आले की जमिनीत जाऊन झोपतो. गवत मात्र बारमाही. म्हणून दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. पुढच्या ऑगस्टात आमच्याकडंही श्रमदान ठरलं. फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा, असं मी सांगत होतो. जमलेली मंडळी म्हणाली, आधी फोटो. फोटोत फुललेलं गवत आणि उघडे हात फार छान आले. किराणा दुकानातून पिशव्या आणून हाताला गुंडाळेपर्यंत अर्धी मंडळी मान खाजवत चहाला गेली होती.

उपटलेलं गवत टाकायचं कुठं, यावरून मग भांडण जुंपलं. ज्याच्या बांधाकडं ढीग सरकवावा, तो तो परत ढकलायचा. तलाठ्यापर्यंत जायची भाषा झाली. शेवटी ढीग गावठाणाच्या कडेला फुलांसकट पडला, आणि दसऱ्यापर्यंत तिथं नवी रोपं वीतभर वर आली. आत्यानं अकोल्याचा निकाल एव्हाना मान्य केला होता. त्या रोपांकडं बोट दाखवून ती म्हणाली, "गवतच हाय बाबू, मी कुठी नाही म्हनते? पन ते इतकं फुलते काहून? जमिनीत गर्मी झाली."